बँडसॉला फेन्स लावला, तरी फळी वाकडी का चिरते?

(ऑडिओ भागाचा हा लिखित मजकूर आहे. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय. मापं नीट वाचता यावीत म्हणून आकड्यांत दिलीत.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय.

संगमनेरहून एका श्रोत्याने पाठवलेली. मुलगा बावीसेक वर्षांचा असेल. वडिलांचं सुतारकामाचं दुकान आता तोच बघतो. देव्हारे, पाट, चौरंग अशी कामं. त्याने नुकतीच एक जुनी १४ इंची बँडसॉ घेतलीय. आणि त्याच्याकडे एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईचे सागवानी ठोकळे आहेत. त्या ठोकळ्यांचे ६-६ मिलिमीटरचे पातळ काप काढून त्याला देव्हाऱ्याच्या दारांना लावायचेत. त्याचा प्रश्न होता, "दादा, मशीनीला फेन्सच नाहीये. बाहेरून चांगला फेन्स मागवून बसवला तर काप सरळ येतील ना?"

मित्रा, खरं सांगू? येतीलच असं नाही. मी हे अनुभवाने सांगतोय, आणि तो अनुभव मला एका फळीला पडलाय.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणारी पट्ट्याची करवत. १४ इंची म्हणजे चाकाचा व्यास १४ इंच, साधारण ३५५ मिलिमीटर. पातं टेबलातून खाली जातं आणि आपण लाकूड पुढे ढकलतो. फेन्स म्हणजे टेबलावर पात्याच्या बाजूला उभी केलेली सरळ पट्टी. लाकडाची एक बाजू तिला टेकवून ढकललं की सगळीकडे सारख्या रुंदीचा काप मिळावा, अशी अपेक्षा असते. बऱ्याच छोट्या किंवा जुन्या मशीनींना फेन्स नसतोच. असला तर लटपटणारा पत्रा असतो, घट्ट केला की स्वतःच अर्धा मिलिमीटर सरकणारा. म्हणून लोक वेगळा घेतात. ॲल्युमिनियमची जाड पट्टी, समोर लावायची रेल, मोजपट्टी, भिंगवाली खूण. दिसतो झकास.

आता माझी फळी. कोकणातलं आजीचं घर उतरवलं तेव्हा माजघराच्या दाराची एक सागवानी फळी मी मागून आणली होती. तिचे तीन पातळ काप काढून आईसाठी छोटी पेटी करायची होती. नवा फेन्स रविवारी सकाळी बसवला, दुपारी लगेच ती फळी घातली. पहिला काप सुरुवातीला ७ मिलिमीटर आणि शेवटी ३. शिवाय मधे पोट आलेलं. मला वाटलं फेन्स हलला. तो आणखी आवळला, दुसरा काप घेतला. तोही तसाच. तिसरा काढण्याइतकं लाकूडच उरलं नाही. सागवान वखारीत मिळतं हो, आजीच्या दाराचं नाही मिळत.

फेन्स हलला नव्हता. दोन दिवसांनी पातं उतरवून उन्हात धरलं तेव्हा दिसलं की एका बाजूचे दात बोथट झालेत. त्या फळीत जुन्या रंगाखाली एक चूक होती, छोटा खिळा. त्यावरून पातं गेलं होतं. आणि खरं तर त्याआधीपासूनच ते थोडं डावीकडे ओढत होतं, मी लक्ष दिलं नव्हतं.

म्हणजे झालं काय? फेन्स लाकडाला सांगतो की तू कुठे राहायचंस. पात्याने कुठे जायचं हे तो सांगू शकत नाही. पातं पातळ, लवचिक, पुढून सुटं. ते त्याला सोपं पडेल तिकडे जातं. या सवयीला इंग्रजी व्हिडिओंमध्ये ड्रिफ्ट म्हणतात, मी पात्याचा कल म्हणतो. पात्याचा कल एकीकडे आणि फेन्सचं तोंड दुसरीकडे असेल तर लाकूड एक तर फेन्सपासून सुटत जातं, नाही तर पातं आणि फेन्स यांच्यात चिमटतं. दोन्हीकडून वाट लाकडाचीच लागते.

आधी मशीन, मग फेन्स

म्हणून पार्सल आलं तरी उघडायची घाई करू नका. प्लग काढा. प्लग म्हणतोय, नुसतं बटण नाही. आणि या क्रमाने बघा.

पातं. शंका असेल तर नवीन लावा. उभे काप काढायला, म्हणजे जाड ठोकळ्यातून पातळ फळ्या चिरायला, १४ इंची मशीनीवर अर्धा इंच रुंदीचं, इंचाला ३ दातांचं पातं मला सगळ्यात बरं वाटतं. दात कमी असले की दोन दातांमधली खाच मोठी मिळते आणि भुसा बाहेर पडायला जागा राहते. बारीक दातांचं पातं जाड लाकडात भुशानेच गुदमरतं, तापतं आणि मग मन मानेल तिकडे जातं. रुंद पातं जास्त सरळ जाईल म्हणून पाऊण इंची लावायचा मोह होतो. काही मशीनींवर ते चढतंही, पण छोट्या फ्रेमला तेवढा ताण झेपतोच असं नाही.

पात्याचा सांधाही बोटाने तपासून बघा, मशीन बंद असताना अर्थातच. सांध्याला उंचवटा असेल तर प्रत्येक फेरीला टिक-टिक आवाज येतो आणि कापावर रेघा उमटतात. जाता जाता एक गंमत सांगतो. पट्ट्याच्या करवतीची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडमध्ये निघाली होती, पण फिरताना टिकेल असं पातं मिळत नव्हतं. पात्याची टोकं जोडायच्या पद्धतीचं पेटंट फ्रान्समध्ये १८४६ साली क्रेपँ नावाच्या एका बाईंनी घेतलं, आणि त्यानंतर हे यंत्र खऱ्या अर्थाने चालायला लागलं. असो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पातं चाकावर बसतं कुठे. बऱ्याच १४ इंची मशीनींच्या चाकावरचं रबर मधे किंचित फुगीर असतं. पातं फार पुढे किंवा फार मागे धावत असेल तर ते त्या फुगाराच्या उतारावर बसतं आणि त्याचं तोंड जरासं वळतं. कल आला तो इथून. कॅनडातले फर्निचर बनवणारे मायकल फॉर्च्युन बरीच वर्षं शिकवत आलेत की पातं चाकाच्या मधोमध ठेवा, म्हणजे फेन्स तिरका करायची वेळच येत नाही. अमेरिकेतले ॲलेक्स स्नॉडग्रास यांचे व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. ते म्हणतात, दातांमधल्या खाचेचा सगळ्यात खोल भाग वरच्या चाकाच्या मध्यावर आणा. दोघांच्या सांगण्यात थोडा फरक आहे, पण रोख एकच: फेन्सला वाकवू नका, पात्याला जागेवर आणा. वरच्या चाकाच्या मागे एक नॉब असतो. चाक हाताने फिरवत तो अगदी थोडा थोडा फिरवला की पातं पुढे-मागे सरकतं.

मग गाइड. ही पात्याच्या दोन्ही बाजूंना असतात. पातं आणि गाइड यांच्यात दहाच्या नोटेच्या जाडीइतकी फट ठेवा. खरंच नोट घालून बघा, चालतं. गाइडची पुढची कड दातांच्या खाचेच्या मागे राहिली पाहिजे, नाहीतर दात गाइडवर घासून मरतात. मागचं बेअरिंग रिकाम्या चालीत पात्याला टेकता कामा नये, लाकूड ढकललं की टेकलं पाहिजे.

शेवटी टेबल. पात्याला गुण्या लावा आणि टेबल काटकोनात आहे का बघा. गुण्याचं पातं दातांच्या टोकांना लावू नका, दातांमागच्या सपाट पोलादाला लावा. दात दोन्हीकडे फाकवलेले असतात, त्यांना लावलं तर माप खोटं येतं.

यात अर्धा तास जातो. मी हा अर्धा तास वाचवला होता.

रेल बसवताना

आता पार्सल उघडा. फेन्सचे दोन भाग: टेबलाच्या पुढच्या कडेला बोल्टने बसणारी रेल, आणि तिच्यावर सरकणारा फेन्स.

पहिली गोष्ट बघायची ती टेबलातली पातं घालायची फट. काही मशीनींवर ती समोरच्या कडेला उघडते, काहींवर बाजूला. समोर उघडत असेल तर रेल बरोबर तिच्या आडवी येणार, आणि दर वेळी पातं बदलताना रेल काढावी लागेल. काही रेलींना त्या जागी खाच दिलेली असते. विकत घेण्याआधी हे विचारा. मी विचारलं नव्हतं, पण माझ्या मशीनीची फट निघाली बाजूला. नशीब.

दुसरी गोष्ट आपल्याकडची खास. बाहेरून आलेल्या फेन्सचे बोल्ट इंची असू शकतात, पाव इंचाचे वगैरे. आपल्या मशीनच्या टेबलाला भोकं असली तर ती बहुधा एम ६ किंवा एम ८ ची. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पाव इंची बोल्ट एम ६ च्या आट्यात जबरदस्तीने घुसवलात तर आटे गेलेच समजा. सोबत आलेले बोल्ट बाजूला ठेवा आणि हार्डवेअरच्या दुकानातून आपल्या टेबलाच्या आट्यांचे बोल्ट आणा. रेलीची भोकं लांबट असतात, त्यात ते सहज बसतात.

टेबलाला भोकंच नसतील तर पाडावी लागतील. घाबरू नका, बीड म्हणजे कास्ट आयर्न ड्रिल करायला सोपं असतं. रेल टेबलाला क्लॅम्पने धरा. तिची वरची कड टेबलाच्या पातळीच्या खाली राहू द्या, म्हणजे मोठी फळी तिला अडकणार नाही आणि टेबलावरच्या खोबणीतली मायटर गेजची पट्टीही बाहेर येऊ शकेल. रेल टेबलाच्या पृष्ठभागाशी समांतर आहे का हे दोन्ही टोकांना मोजा. खुणा करा, सेंटर पंच मारा. एम ६ साठी ५ मिलिमीटरचं ड्रिल, एम ८ साठी ६.८ चं. मग टॅपने आटे पाडा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं. बिडाला ड्रिल करताना तेल लागत नाही, काळी भुकटी निघते. ती फुंकू नका. डोळ्यात जाते, बेअरिंगमध्ये जाते. व्हॅक्यूमने ओढा, नाहीतर चुंबक फिरवा.

भोक वरच्या पृष्ठभागाच्या फार जवळ घेऊ नका. टेबलाच्या कडा दिसतात तेवढ्या जाड नसतात, खालून बघून घ्या.

रेल बसली की फेन्स चढवा. फेन्सची पट्टी टेबलावर घासता कामा नये, पण खाली फार फटही नको. मी पोस्टकार्ड सरकेल एवढी ठेवतो. फट जास्त राहिली की पातळ काप तिच्याखाली शिरतो आणि माप बिघडतं. मग फेन्सला गुण्या लावा, तो टेबलाशी काटकोनात हवा. नसेल तर जोडाच्या मागे कागदाची घडी किंवा पातळ वॉशर घालून आणा.

आता फेन्सची दिशा. मायटर गेजच्या खोबणीपासून फेन्सचं अंतर पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला मोजा. दोन्ही सारखी करा. खोबणच पात्याशी सरळ नसेल तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून टेबल जरासं फिरवता येतं. इथे घाई नको.

पहिला काप भंगार लाकडावर

आजीचं दार शेवटी येतं, आधी पॅकिंगची फळी.

तिची एक कड रंध्याने सरळ करून घ्या. ती कडच वाकडी असेल तर फेन्स कितीही सरळ असो, लाकूड डुलणारच. फेन्सला टेकवून हळू ढकला आणि निम्म्यात मशीन बंद करा. पातं थांबेपर्यंत थांबा. आता बघा, लाकूड फेन्सला सुखाने टेकलंय, की सुटलंय, की इतकं दाबलं गेलंय की ओढून काढावं लागतंय? सुखाने टेकलं असेल तर जमलं.

सगळं नीट लावूनही थोडा कल उरला तर जुनी पद्धत आहेच. सरळ कडेच्या दीड फुटी फळीवर कडेला समांतर रेघ मारा. फेन्स बाजूला काढा आणि नुसत्या हाताने रेघेवरून चिरत अर्ध्यापर्यंत जा. रेघेवर राहण्यासाठी फळी आपोआप ज्या कोनात धरावी लागते, तो पात्याचा कल. मशीन बंद करून फळी तशीच धरा आणि तिच्या कडेने टेबलावर पेन्सिलीने रेघ ओढा. फेन्सचे बोल्ट सैल करून फेन्स त्या रेघेशी समांतर लावा. चांगल्या फेन्समध्ये एवढं फिरवायची सोय असते. नसेल तर तो घेऊ नका, मोजपट्टी कितीही चकचकीत असली तरी.

माझं मत विचाराल तर कल जास्त दिसत असेल तेव्हा फेन्स फिरवणं म्हणजे तापात थर्मामीटर बदलणं. पातं बदला. आणि फेन्स फिरवून काम चालवलंत तर ते त्याच पात्यापुरतं. दुसरं पातं लावलं की पुन्हा तपासायचं.

काप बिघडला तर तो कसा बिघडलाय ते बघा, तोच कारण सांगतो. सुरुवातीला जाड आणि शेवटी पातळ, किंवा उलटं, तर पात्याचा कल आणि फेन्स जुळत नाहीत. वरच्या कडेला जाड, खालच्या कडेला पातळ, आणि हा फरक एकसारखा, तर टेबल किंवा फेन्स काटकोनात नाही. मधेच पोट आलंय, तर पातं लाकडाच्या आत वाकतंय: बोथट झालंय, ताण कमी आहे किंवा तुम्ही घाईने ढकलताय. माझ्या पहिल्या कापात यातल्या दोन गोष्टी एकदम होत्या, आणि मी मात्र फेन्सच आवळत बसलो.

मोजपट्टीबद्दल एवढंच: पातं बदललं की शून्य पुन्हा लावा, आणि पट्टीवर विसंबू नका. भंगारातून एक काप काढा, व्हर्नियरने मोजा. ६ हवेत तर ७ चा काढा. करवतीचे ओरखडे रंध्याने घालवताना तो वरचा मिलिमीटर जातोच. शिवाय प्रत्येक चिरेत मिलिमीटरभर लाकडाचा भुसा होतो. संगमनेरच्या मित्रा, तुझ्या १०० मिलिमीटरच्या ठोकळ्यातून ६ चे सोळा काप निघतील असा हिशोब केला असशील तर तो बाराच्या आसपास आण. गिऱ्हाइकाला शब्द देण्याआधी.

उंच फेन्स, बुटका फेन्स, आणि बोटं

उभे काप काढताना फेन्स उंच हवा, निदान लाकडाच्या निम्म्या उंचीचा तरी. पातळ पट्ट्या कापताना मात्र बुटका बरा, म्हणजे वरचं गाइड खाली आणता येतं. गाइड लाकडाच्या वर बोटभरापेक्षा जास्त ठेवू नये. वर उघडं राहिलेलं पातं डगमगतं आणि बोटांनाही धोका. काही फेन्सची पट्टी आडवी पाडली की बुटका, उभी केली की उंच, अशी दुहेरी असते. ती घ्या.

काही जण सरळ पट्टीऐवजी एकच गोल खांब वापरतात. लाकूड एकाच ठिकाणी टेकतं आणि रेघ बघत हाताने वळवत न्यायचं असतं. पात्याचा कल असला तरी चालतं. पण नजर हलली की काप हलला. वीस काप सारखे काढायचेत तर मला सरळ फेन्सच बरा वाटतो.

जुन्या वाड्याच्या लाकडात आणखी एक भानगड असते. आतला ताण. चिरता चिरता काप उघडतो किंवा मिटतो. लांब फेन्स असेल तर उघडणारा काप त्याला दाबतो आणि लाकूड पात्यावर लोटलं जातं. अशा वेळी फेन्सला एक लाकडी पट्टी लावा, जी पात्याच्या जरा पुढेच संपते. पात्याच्या मागे मग लाकडाला मोकळं व्हायला जागा मिळते. आणि चुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय तुळईचं लाकूड मशीनीवर चढवू नका. चुंबक वरवरचंच पकडतो, खोल गेलेला खिळा त्याला कळत नाही. काळपट डाग दिसला की तिथे खिळा आहे असंच धरा.

बोटांबद्दल. बँडसॉचं पातं खाली जातं, त्यामुळे टेबल सॉसारखं ती लाकूड अंगावर फेकत नाही. म्हणूनच माणूस निर्धास्त होतो. धोका असतो तो कापाच्या शेवटी. लाकूड संपतं, विरोध एकदम जातो आणि मागून रेटणारा अंगठा थेट पात्याकडे जातो. शेवटचे १० सेंटिमीटर अंगठ्याने नाही, काठीने किंवा दुसऱ्या फळीने ढकला. हातमोजे नकोत. अर्ध्यातून लाकूड मागे घ्यायचं असेल तर मशीन बंद करून घ्या, चालू असताना ओढलंत तर पातं चाकावरून उतरतं. सागाचा बारीक भुसा घशाला आणि कातडीला त्रास देतो, मास्क लावा.

आणि शेवटचं. फेन्स मागवण्याआधी एक दिवस फुकटचा फेन्स वापरून बघ. सरळ रंधलेली जाड फळी, दोन सी क्लॅम्प. माप बदलायला कटकट आहे, पण पात्याचा कल त्यातूनही कळतो. पुष्कळ जण तेवढ्यावर वर्षानुवर्षं काम करतात. त्यानंतरही वाटलं की रोज माप बदलावं लागतंय, तर घे विकत. माझा फेन्स मी परत केला नाही, आज तो उत्तम चालतोय. पेटीही झाली, फक्त दुसऱ्या सागवानाची. आजीच्या दाराचा जो एक तुकडा उरला होता तो झाकणावर बसवलाय, तळहाताएवढा.

तर संगमनेरकर, तुझ्या मशीनीची फट समोर उघडते की बाजूला, त्याचा एक फोटो पाठव. आणि टेबलाच्या पुढच्या कडेचा खालून घेतलेला एक. मग कुठली रेल बसेल ते बोलू.